लिटरमागे ९५ पैसे: पंपावर पैसे देण्याचा खर्च कोण सोसतो?

दिल्लीत २०२५ च्या मध्यावर एक लिटर पेट्रोल ९४ रुपये ७७ पैशांना मिळत होते. त्यात केंद्राचे उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे, राज्याचा व्हॅट सुमारे १५ रुपये ४० पैसे आणि पंपचालकाचे कमिशन सुमारे ४ रुपये ४० पैसे होते. हे पेट्रोल कार्डाने घेतले आणि त्या व्यवहारावर एक टक्का शुल्क लागले, तर ती रक्कम होते ९५ पैसे. ग्राहकाच्या दृष्टीने किरकोळ, पण पंपचालकाच्या ४ रुपये ४० पैशांतून ती जायची म्हटली तर त्याच्या कमाईचा पाचव्या हिश्शाहून मोठा भाग.

डिझेलचे गणित याहून कठीण आहे. दर ८७ रुपये ६७ पैसे, कमिशन सुमारे ३ रुपये. एक टक्का म्हणजे ८८ पैसे, कमिशनच्या जवळजवळ तीस टक्के.

पंपावर रोख द्यावी, कार्ड द्यावे की यूपीआय करावे, याची चर्चा बहुतेक वेळा ग्राहकाच्या सोयीपुरती होते. सोय महत्त्वाची आहेच. पण गेल्या नऊ-दहा वर्षांत पंपांवर कार्ड बंद करण्याचे इशारे निघाले, सवलती आल्या आणि गेल्या, आणि अलीकडे यूपीआय बंद करण्याचीही भाषा झाली. या सगळ्याच्या मुळाशी वर दिलेले ९५ पैसे आहेत. पैसे देण्याच्या प्रत्येक पद्धतीला खर्च असतो. तो कोणाच्या खिशातून जातो, हे आपल्याकडे कधीच उघडपणे ठरवले गेलेले नाही.

टक्का नेमका कशावर?

कार्डाचा व्यवहार झाला की विक्रेत्याच्या बँकेकडून त्याच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा होत नाही. त्यातून एक शुल्क कापले जाते, त्याला एमडीआर म्हणतात. त्याचा मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेला जातो; उरलेला कार्डाच्या नेटवर्कला आणि स्वाइप मशीन देणाऱ्या बँकेला.

कापडाच्या दुकानात हे शुल्क दुकानदार नफ्यातून काढू शकतो किंवा किमतीत मिसळू शकतो. पंपचालकाला यातले काहीच करता येत नाही. दर तेल कंपनी ठरवते, पंपचालकाने एक पैसाही वर घ्यायचा नाही. कमिशनही तीच ठरवते. ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या सूत्रानुसार पेट्रोलचे कमिशन दर हजार लिटरला १,८६८ रुपये १४ पैसे अधिक किमतीच्या ०.८७५ टक्के, आणि डिझेलचे १,३८९ रुपये ३५ पैसे अधिक किमतीच्या ०.२८ टक्के असे होते. त्या महिन्याच्या अखेरीस त्यात पेट्रोलवर लिटरमागे जास्तीत जास्त ६५ पैशांची आणि डिझेलवर ४४ पैशांची वाढ झाली. त्याआधीची वाढ २०१७ मधली होती.

या सूत्रातला मोठा हिस्सा लिटरवर ठरलेला आहे, किमतीवर नाही. शुल्क मात्र पूर्ण किमतीवर लागते. मुंबईत २९ मे २०२१ रोजी पेट्रोलने शंभरी ओलांडली, २०२५ मध्ये तिथला दर १०३ रुपये ५० पैशांच्या आसपास होता. म्हणजे एक टक्का शुल्क सत्तर रुपयांच्या पेट्रोलवर ७० पैसे होते, ते १ रुपया ३ पैशांवर गेले. २०१७ आणि २०२४ च्या वाढींदरम्यान कमिशन त्या प्रमाणात वाढले नाही.

दुसरी गोष्ट त्याहून टोचणारी आहे. दिल्लीच्या दरातले ३७ रुपये ३० पैसे, म्हणजे सुमारे ३९ टक्के, हा सरकारी कर आहे. त्या करावरही टक्केवारीने शुल्क लागते. ९५ पैशांतले ३७ पैसे हे सरकारसाठी गोळा केलेल्या करावरचे शुल्क. जो पैसा पंपचालकाचा कधी नव्हताच, त्यावर शुल्क कोणी भरायचे?

एका मध्यम पंपाचा महिना

उदाहरणादाखल असा पंप धरू, जो महिन्याला एक लाख लिटर पेट्रोल आणि सत्तर हजार लिटर डिझेल विकतो. दिल्लीचे वरचे दर लावले तर हिशेब असा येतो:

- एकूण विक्री: सुमारे १ कोटी ५६ लाख रुपये
- पेट्रोलचे कमिशन: ४ लाख ४० हजार रुपये
- डिझेलचे कमिशन: सुमारे २ लाख १० हजार रुपये
- एकूण कमिशन: सुमारे साडेसहा लाख रुपये, विक्रीच्या सव्वाचार टक्क्यांच्या आत

या साडेसहा लाखांतून तिन्ही पाळ्यांच्या कामगारांचे पगार, वीज, जनरेटर, बाष्पीभवनाची घट, देखभाल आणि कर्जाचे व्याज जायचे. सगळी विक्री एक टक्का शुल्काच्या कार्डावर झाली तर शुल्क १ लाख ५६ हजार. विक्रीच्या फक्त १५ टक्के व्यवहार तसे झाले तरी महिन्याला २३ हजार रुपयांहून जास्त.

वर्षाला या पंपाची उलाढाल जवळपास १९ कोटी भरते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डाच्या शुल्कासाठी व्यापाऱ्यांचे दोन गट केले. २० लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना कमाल ०.४० टक्के, त्यावरच्यांना कमाल ०.९० टक्के. उलाढालीच्या मापाने आपला पंप ‘मोठ्या’ गटाच्या सीमेपासून नव्वदपटींहून वर बसतो. पण शंभर रुपयांत सव्वाचार रुपये मिळवणाऱ्याला उलाढालीवरून मोठा ठरवणे चुकीचे आहे. इंधनाच्या धंद्यात उलाढाल मोठी दिसते ती मालाच्या किमतीमुळे आणि करामुळे.

त्याच नियमात एका व्यवहारावरच्या शुल्काला एक हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. इंधनासाठी ती असून नसल्यासारखी. ०.९० टक्क्याने हजार रुपये होण्यासाठी बिल एक लाख अकरा हजारांचे हवे. चारशे लिटरची टाकी फुल्ल करणाऱ्या ट्रकचे बिलही पस्तीस-छत्तीस हजारांवर थांबते.

जानेवारी २०१७ चा धडा

हा प्रश्न देशासमोर पहिल्यांदा आला तो नोटाबंदीत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा त्या घेण्याची मुभा ज्या मोजक्या ठिकाणांना मिळाली त्यांत पेट्रोल पंप होते. ती मुदत सुरुवातीला ७२ तासांची होती. ती वाढत गेली आणि २ डिसेंबरच्या मध्यरात्री संपली. मधल्या काळात निवडक पंपांवर स्वाइप मशीनमधून दिवसाला दोन हजार रुपये रोख देण्याची सोयही झाली. इंधन विकणारी जागा काही आठवडे बँकेच्या खिडकीचे काम करत होती.

८ डिसेंबर २०१६ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी डिजिटल व्यवहारांसाठी ११ उपाय जाहीर केले. पहिलाच उपाय पंपांचा होता: सार्वजनिक तेल कंपन्यांच्या पंपावर डिजिटल पैसे दिल्यास ०.७५ टक्के सवलत. त्या वेळी सरकारने दिलेले आकडे आजही अभ्यासावेत असे आहेत. रोज सुमारे ४ कोटी ५० लाख ग्राहक, रोजची विक्री सुमारे १,८०० कोटी रुपये, आणि महिनाभरात डिजिटल वाटा २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर.

भागाकार केला तर ग्राहकामागे सरासरी खरेदी येते ४०० रुपये. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागेल.

सवलतीने ग्राहक कार्डाकडे वळले आणि महिन्याभरात बँकांनी बिल पुढे केले. काही मोठ्या खासगी बँकांनी ९ जानेवारी २०१७ पासून क्रेडिट कार्डावर एक टक्का आणि डेबिट कार्डावर पाव ते एक टक्का शुल्क पंपचालकांकडून घेण्याचे कळवले. पंपचालकांच्या देशव्यापी संघटनेने कार्ड न घेण्याची घोषणा केली. तेव्हा दिल्लीत पेट्रोल ७० रुपये ६० पैसे होते आणि कमिशन अडीच रुपयांच्या थोडे वर. एक टक्का म्हणजे ७१ पैसे, कमिशनच्या २७ टक्क्यांच्या पुढे. डिझेल ५७ रुपये ८२ पैसे, कमिशन १ रुपया ६५ पैशांच्या आसपास. तिथे शुल्काने ३५ टक्के खाल्ले असते.

पंपचालकांची ती हाक हट्टाची नव्हती, हे या दोन आकड्यांवरून दिसते. सरकारला ताबडतोब मध्ये पडावे लागले. ग्राहकाला किंवा पंपचालकाला झळ बसणार नाही, असे तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी सांगितले, बँकांनी शुल्क पुढे ढकलले आणि भार बँका व तेल कंपन्यांकडे सरकला.

तेल कंपन्यांच्या बाजूनेही ही रक्कम लहान नव्हती. १,८०० कोटींच्या ४० टक्के म्हणजे ७२० कोटी. त्यावर ०.७५ टक्के सवलत दिवसाला ५ कोटी ४० लाख होते, वर्षाला दोन हजार कोटींच्या घरात. असा खर्च कायम चालणारा नव्हता. १ ऑक्टोबर २०१९ पासून क्रेडिट कार्डावरची सवलत बंद झाली. सवय लावण्यासाठी दिलेले पैसे सवय लागल्यावर काढून घेतले गेले. त्या सवयीचा खर्च पुढे कोणी उचलायचा, याचे उत्तर मात्र अर्धवटच राहिले.

क्रेडिट कार्ड: ग्राहकाचा हिशेब

पंपावर क्रेडिट कार्ड वापरले की बिलात साधारण एक टक्का इंधन अधिभार दिसतो आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. बहुतेक बँका हा अधिभार परत देतात, पण अटींसह: व्यवहार ठरावीक रकमेच्या आतला हवा (अनेक कार्डांवर किमान ४०० आणि कमाल ४ ते ५ हजार रुपये), आणि महिन्याला परताव्याची कमाल मर्यादा. अधिभारावरचा जीएसटी सहसा परत मिळत नाही.

तीन हजारांचे पेट्रोल घेतले असे धरू. अधिभार ३० रुपये, जीएसटी ५ रुपये ४० पैसे. तीस रुपये परत आले, ५ रुपये ४० पैसे गेले. बदल्यात सुमारे महिनाभर पैसे आपल्या खात्यात राहिले; बचत खात्यावर तीन टक्के व्याज धरले तर त्याचे होतात सात-साडेसात रुपये. म्हणजे वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्याला क्रेडिट कार्डाने इंधन घेण्यात दोन रुपयांचा फायदा. बिल थकले तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, तीन हजारांवर शंभर रुपयांहून जास्त. एका महिन्याची चूक चार वर्षांच्या मासिक फायद्यावर पाणी फिरवते.

इंधनासाठी खास काढलेली कार्डे याहून चांगली पडू शकतात, पण त्यांचीही मर्यादा मोजून घ्यावी. वार्षिक फी, कोणत्या कंपनीच्या पंपावर लाभ मिळतो आणि महिन्याला किती रकमेपर्यंत, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय मोठ्या अक्षरांतल्या टक्केवारीला अर्थ नाही. ज्याचा महिन्याचा इंधनखर्च पाच-सहा हजारांवर नियमित आहे आणि जो एकाच कंपनीच्या पंपावर जातो, त्यालाच ती परवडतात.

आता तो ४०० चा आकडा. २०१६ मधली सरासरी खरेदी ४०० रुपयांची, आणि अधिभार माफीची किमान रक्कमही अनेक बँकांकडे ४०० रुपयांचीच. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षासाठी २०१३-१४ मध्ये झालेल्या नील्सनच्या पाहणीत देशातल्या पेट्रोलपैकी ६१ टक्के दुचाकी पितात असे आढळले होते. स्कूटरमध्ये शंभर-दोनशेचे पेट्रोल टाकणारा माणूस हा पंपाचा खरा मोठा ग्राहक आहे, आणि क्रेडिट कार्डाच्या माफीची रचना त्याला बाहेर ठेवते. दोनशे रुपयांच्या पेट्रोलवर त्याने कार्ड दिले तर अधिभार आणि जीएसटी दोन्ही त्याच्याच माथी. त्याने क्रेडिट कार्ड पंपावर काढू नये, हा सल्ला आकडे सरळ देतात.

रोखीलाही खर्च आहे

रोख फुकट असते, असे आपण धरून चालतो. पंपचालकाला विचारावे. आपल्या नमुन्याच्या पंपाची रोजची विक्री सव्वापाच लाखांच्या जवळ आहे. त्यातली ६० टक्के रोखीत आली तर रोज तीन लाख दहा हजार रुपये गल्ल्यात. निम्मी रक्कम पाचशेच्या आणि निम्मी शंभराच्या नोटांत धरली तर रोज सुमारे १,८६० नोटा मोजायच्या, लावायच्या, खोट्या नोटा वेगळ्या काढायच्या आणि बँकेत भरायच्या. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी आणि रविवारी बँक बंद, तेव्हा दोन दिवसांचे सहा लाखांहून जास्त पैसे तिजोरीत पडून. चालू खात्यात ठरावीक मर्यादेपलीकडे रोख भरली तर बँक त्यासाठीही शुल्क घेते.

त्यात पंपचालकाला माल उधारीवर क्वचितच मिळतो. बारा हजार लिटर पेट्रोलचा टँकर मागवायचा तर साडेदहा-अकरा लाख रुपये आधी भरावे लागतात. रविवारी तिजोरीत अडकलेली रोख सोमवारचा टँकर आणू शकत नाही, खात्यात जमा झालेले यूपीआयचे पैसे आणू शकतात.

रोखीची जोखीम सर्वांत जास्त सोसतो तो नोझल हातात धरणारा कामगार. पाळी संपताना मशीनवरचे लिटर आणि हातातले पैसे जुळले नाहीत, तर अनेक पंपांवर फरक त्याच्या पगारातून कापला जातो. एक फाटकी नोट, एक खोटी पाचशेची, सुट्ट्यांच्या गडबडीत चुकलेले वीस रुपये, सगळे त्याच्याच नावावर. डिजिटल व्यवहाराने हा ताण कमी झाला, पण संपला नाही. ‘पैसे कापले गेले’ असे ग्राहक म्हणतो, साउंडबॉक्स गप्प असतो, मागे रांग लागलेली असते, आणि गाडी निघून गेली की प्रश्न त्या कामगाराचाच होतो.

रोख किती चटकन परत येते, हे मे २०२३ मध्ये दिसले. १९ मे रोजी रिझर्व्ह बँकेने दोन हजारांची नोट मागे घेण्याचे जाहीर केले. नोट वैध राहणार होती, बदलण्यासाठी ३० सप्टेंबरपर्यंत वेळ होता. तरीही लोक ती घेऊन पंपावर आले. पंपांवर डिजिटल विक्रीचा वाटा ४० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर घसरल्याचे पंपचालकांच्या संघटनेने तेव्हा सांगितले. रोखीतल्या ९० टक्के नोटा दोन हजारांच्या होत्या, एरवी हे प्रमाण १० टक्के असे. शंभरचे पेट्रोल आणि हातात दोन हजारांची नोट. सुट्टे कोठून आणायचे?

ट्रकवाल्यांसाठी रोखीला कायद्याचीही अडचण आहे. धंद्याच्या खर्चापोटी एका दिवसात एकाच व्यक्तीला दहा हजारांहून जास्त रक्कम रोख दिली तर तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. ट्रकची एक टाकी त्याच्या तिप्पट बिल करते. म्हणूनच तेल कंपन्यांची वाहनताफ्यासाठीची कार्डे वाहतूकदारांनी मनापासून स्वीकारली: चालकाच्या खिशात रोख ठेवावी लागत नाही आणि कोणत्या पंपावर किती लिटर भरले याचा हिशेब मालकाकडे येतो.

यूपीआय: शून्य शुल्क, शून्य खर्च नव्हे

१ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर शून्य झाला. पंपांसाठी हा मोठा दिलासा होता. दोनशेच्या पेट्रोलवर ग्राहकाला शून्य, पंपचालकाला शून्य, आणि पैसे लगेच खात्याच्या वाटेवर. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरातले यूपीआय व्यवहार महिन्याला दोन हजार कोटींच्या पुढे गेले, रक्कम २४ लाख ८५ हजार कोटी. गंमत अशी की रोखही घटलेली नाही. मार्च २०२५ अखेर चलनातल्या नोटांचे मूल्य सुमारे ३७ लाख कोटी रुपये होते, नोटाबंदीच्या आदल्या आठवड्याच्या दुप्पट. लोकांना दोन्ही हवे आहे.

शून्य शुल्काचा खर्च सरकार अंशतः भरते. छोट्या व्यवहारांच्या प्रोत्साहनासाठी २०२१-२२ मध्ये १,३८९ कोटी, २०२२-२३ मध्ये २,२१० कोटी आणि २०२३-२४ मध्ये ३,६३१ कोटी रुपये बँका आणि पेमेंट कंपन्यांना दिले गेले. २०२४-२५ साठी मार्च २०२५ मध्ये मंजूर झाले अंदाजे १,५०० कोटी, आणि तेही प्रामुख्याने छोट्या व्यापाऱ्यांकडच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांसाठी, ०.१५ टक्के दराने. उलाढालीच्या मापाने ‘मोठा’ ठरलेला पंप त्यात बसत नाही.

या रकमेची तुलना इंधनाशी केली तर प्रश्नाचा आकार कळतो. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४ कोटी टन पेट्रोल विकले गेले. टनाला १,३५० लिटर धरले तर ५,४०० कोटी लिटर, लिटरला शंभर रुपये धरले तर ५ लाख ४० हजार कोटी रुपये. या सगळ्यावर एक टक्का शुल्क लागले असते तर ५,४०० कोटी. सरकारने देशातल्या सगळ्या छोट्या दुकानदारांसाठी एका वर्षात दिलेल्या सर्वाधिक प्रोत्साहनाहून ही रक्कम मोठी आहे, आणि यात डिझेल धरलेलेच नाही.

म्हणूनच यूपीआयवर मोठ्या व्यापाऱ्यांकडून ०.३ टक्के शुल्क घ्यावे, ही पेमेंट उद्योगाची २०२५ मधली मागणी पंपांना थेट भिडते. ०.३ टक्के म्हणजे लिटरमागे २८ पैसे, कमिशनच्या साडेसहा टक्के. असे शुल्क लावण्याच्या बातम्या अर्थमंत्रालयाने जून २०२५ मध्ये साफ फेटाळल्या. पण यंत्रणा चालवण्याचा खर्च कोणीतरी भरायला हवा, हे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही त्याच वर्षी जाहीरपणे मांडले. प्रश्न टळला आहे, सुटलेला नाही.

गोठवलेली खाती

शुल्क शून्य असूनही मे २०२५ मध्ये विदर्भातल्या आणि नाशिकच्या पंपचालकांनी १० मेपासून यूपीआय बंद करण्याचा इशारा दिला. कारण सायबर फसवणुकीचे होते. कोणाच्या तरी खात्यातून लुबाडलेल्या पैशांतून कोणी पाचशेचे पेट्रोल भरतो. फसलेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो. पैशांचा माग काढत पोलिसांची सूचना पंपाच्या बँकेपर्यंत पोहोचते आणि पंपचालकाचे खाते गोठते. वाद पाचशे रुपयांचा, अडकलेले लाखो, आणि दुसऱ्या दिवशीच्या टँकरचे पैसे त्याच खात्यात.

फसलेल्या माणसाला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, आणि त्यासाठी तपास वेगानेच व्हायला हवा. पण पाचशेसाठी पाच लाख रोखून कोणाचेच भले होत नाही. पोलिसांनी सांगितलेल्या रकमेपुरतेच खाते रोखावे, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घेतली होती. हा नियम सर्व बँकांत सारखा पाळला गेला, तर पंपचालकाला यूपीआय नाकारण्याचे कारण उरणार नाही.

इतरत्र खर्च कोठे दिसतो?

अमेरिकेत हा खर्च फलकावर दिसतो. तिथल्या अनेक गॅस स्टेशनांवर दोन दर लावलेले असतात, रोखीचा कमी आणि क्रेडिट कार्डाचा जास्त. गॅलनमागे, म्हणजे पावणेचार लिटरमागे, पाच-दहा सेंटचा फरक सर्रास दिसतो. न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तिथे ग्राहकाने स्वतः इंधन भरण्यास १९४९ पासून कायद्याने मनाई असल्याने आपल्यासारखाच माणूस येऊन ‘कॅश की क्रेडिट’ विचारतो. ग्राहक तेव्हाच ठरवतो आणि ज्याचा खर्च त्यानेच भरायचा, हे तत्त्व पाळले जाते. तोटा असा की ज्याच्याकडे रोख नाही तो जास्त भरतो.

युरोपीय संघाने दुसरा मार्ग धरला. डिसेंबर २०१५ पासून कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा डेबिट कार्डावर ०.२ आणि क्रेडिट कार्डावर ०.३ टक्क्यांवर रोखला. आपल्या दरात ०.२ टक्के म्हणजे लिटरमागे १९ पैसे, कमिशनच्या साडेचार टक्क्यांहून कमी. शुल्क आटोक्यात ठेवले तर ते किमतीत सहज सामावते आणि ग्राहकावर अधिभार लावण्याची वेळ येत नाही.

आपण तिसरा मार्ग घेतला: यूपीआयवर शून्य, कार्डावर अधिभार, परतावा, सवलत आणि सरकारी अनुदान यांचे मिश्रण. ग्राहकाला तो सोयीचा झाला, हे मान्य करायलाच हवे. पण त्यात खर्चाची जबाबदारी एका घोषणेपासून दुसऱ्या घोषणेपर्यंत फिरत राहते.

काय ठरवायला हवे

२०२५ च्या अखेरीस देशातल्या पंपांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. एवढ्या मोठ्या यंत्रणेसाठी चार गोष्टी लेखी ठरवणे अवघड नाही.

एक, पैसे स्वीकारण्याचा खर्च कमिशनच्या सूत्रात वेगळ्या ओळीत यावा. वेतन, वीज, घट यांचा जसा विचार होतो तसाच याचाही व्हावा. सात वर्षे कमिशनचे सूत्र जागच्या जागी आणि शुल्काचा आधार असलेली किंमत मात्र बरीच वाढलेली, असे पुन्हा होऊ नये.

दोन, इंधनाला डेबिट आणि क्रेडिट कार्डाच्या शुल्कात वेगळा वर्ग हवा. वर्गीकरण उलाढालीवरून न करता मिळकतीवरून करावे, आणि एका व्यवहाराची कमाल मर्यादा टाकीच्या आकाराला साजेशी असावी. करापोटी गोळा केलेल्या रकमेवर शुल्क लावू नये.

तीन, यूपीआयवर कधी शुल्क आलेच, तर पाचशे रुपयांपर्यंतचे इंधन त्यातून कायम वगळावे. देशातले बहुतांश पेट्रोल दुचाकीत जाते. तिथे शून्य हाच योग्य दर आहे.

चार, फसलेला व्यवहार आणि गोठलेले खाते यांची झळ नोझलवरच्या कामगाराच्या पगाराला लागू नये. पंपचालकाने तो नियम करावा आणि तेल कंपनीने तपासणीत तो पाहावा.

ग्राहकाचे काम सोपे आहे. छोट्या रकमेला यूपीआय किंवा रोख. रोख द्यायची तर जमेल तितकी नेमकी. क्रेडिट कार्ड फक्त चारशेच्या वर, आणि बिल वेळेवर पूर्ण भरण्याची खात्री असेल तरच. यूपीआय केल्यावर पैसे पोहोचल्याचे समोरच्याने पाहिल्याशिवाय गाडी सुरू करू नये; आपले अर्धे मिनिट जाते, पण एखाद्याच्या पगारातले दोनशे रुपये वाचतात.